भिंतीच्या पोटात काय आहे?

भराईच्या काँक्रीट ब्लॉकने घर बांधताना पाहावयाच्या गोष्टी

दिवाळी झाल्यावर हरभऱ्याच्या पेरणीची पाहणी करायला औसा तालुक्यातील एका गावी गेलो होतो. गावाबाहेर रस्त्याच्या कडेला एका शेतकऱ्याच्या घराचे काम चालू होते. भिंत छातीएवढी आली होती. मिस्त्री आणि गडी जेवायला बसलेले, आणि घरमालक अण्णा मात्र हातात लहान हातोडी घेऊन भिंतीवर टकटक करीत फिरत होते. डॉक्टर छातीला नळी लावतो तसा कान भिंतीला लावलेला. मला पाहून म्हणाले, "साहेब, या जरा इकडं. इथला आवाज बगा आन् तिथला बगा. काय फरक वाटतो का?"

फरक होता. वरच्या थरात खणखणीत आवाज येत होता. खाली कोपऱ्याजवळ मात्र ढबढब. रिकाम्या डब्यावर मारल्यासारखा.

मिस्त्री हात धुवून आले. म्हणाले, "काही नाही अण्णा, ब्लॉकचाच आवाज आहे. प्लॅस्टर झालं की कळणार पण नाही."

अण्णांनी छन्नी लावली. चार ठोक्यांत ब्लॉकचे कवच निघाले आणि आत मनगटापर्यंत हात गेला. काँक्रीट तिथवर पोहोचलेच नव्हते. सळई उघडी, कोरडी उभी. अण्णा काही वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "साहेब, त्र्याण्णवला आमची भिंत बाहेरून काय वाईट दिसत व्हती का? दोन हात रुंद व्हती. पोटात नुसती माती व्हती. म्हातारी त्याच्याखाली गेली."

आमच्या भागात घर बांधण्याविषयी बोलताना सुरुवात इथूनच करावी लागते.

दगडाच्या भिंती का पडल्या?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी, पावणेचारनंतर काही मिनिटांत किल्लारी-सास्तूर परिसर हादरला. लातूर आणि त्यावेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात मिळून सुमारे आठ हजार माणसे गेली. बावन्न गावे अशी पडली की ती नव्या जागी वसवावी लागली. त्यावेळच्या नकाशात हा भाग भूकंपाचा सर्वांत कमी धोका असलेल्या पहिल्या पट्ट्यात होता. पुढे २००२ मध्ये मानक सुधारले तेव्हा तो पहिला पट्टाच रद्द झाला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या पट्ट्यात धरला गेला.

भूकंपाने जमीन हलली, पण माणसे मेली ती घराखाली. आपल्या जुन्या भिंती म्हणजे प्रत्यक्षात दोन भिंती असत. एक बाहेरची, एक आतली, आणि मधे दगडगोटे व माती. दोन्हींना एकत्र बांधणारा आरपार दगड बहुतेक ठिकाणी घातलेलाच नव्हता. वर माळवदाचा मातीचा थर. एक फूट माती म्हणजे चौरस मीटरला जवळपास पाच क्विंटल वजन, आणि दर पावसाळ्याआधी त्यावर नवी माती पडत आलेली. जमीन हलली तशी बाहेरची भिंत बाहेर फुगून पडली, आतली घरात पडली. अनेक ठिकाणी लाकडाचे खण उभे राहिले आणि भिंतीच तेवढ्या कोसळल्या.

यातून एकच धडा घ्यायचा आहे. भिंत किती रुंद आहे यावर तिची ताकद ठरत नाही. ती एकजीव आहे का, कोपऱ्याला कोपरा धरून आहे का आणि वरचे छप्पर तिला बांधलेले आहे का, यावर ठरते. हा धडा दगडाला लागू आहे, विटेला लागू आहे आणि आज ज्या ब्लॉकचे घर बांधण्याकडे आपले लोक वळत आहेत, त्यालाही तेवढाच लागू आहे.

भराईचा ब्लॉक म्हणजे काय?

पोकळ सिमेंट ब्लॉक आपल्याला नवा नाही. ४० सेंटीमीटर लांब, २० सेंटीमीटर उंच, २० सेंटीमीटर रुंद, म्हणजे गवंड्याच्या भाषेत सोळा-आठ-आठ. नेहमीच्या कामात तो विटेसारखा मसाला लावून रचतात आणि त्याची पोकळी रिकामी राहते.

भराईच्या ब्लॉकचा विचार वेगळा आहे. त्याची पोकळी मोठी असते आणि मधल्या आडव्या पडद्यांना वरून खाच असते. हे ब्लॉक मसाला न लावता, सांधेमोड करून एकावर एक कोरडे रचायचे. पोकळीतून उभ्या सळया आणि खाचांतून आडव्या सळया घालायच्या. मग वरून काँक्रीट ओतायचे. ब्लॉक हे फक्त सेंट्रिंग. फळ्या-पत्रे लावायचे नाहीत, काढायचे नाहीत. साचा भिंतीतच राहतो. फ्रान्स, जर्मनीकडे तळघराच्या आणि मातीला अडवणाऱ्या भिंतींसाठी असे ब्लॉक नेहमी वापरतात. आपल्याकडे ब्लॉक पाडणाऱ्या कारखानदाराला साचा बदलून मागितला, तर तो पाडून देऊ शकतो.

शेतकऱ्याला यात काय सोयीचे आहे? रचण्याचे काम घरची माणसे करू शकतात. दोरी, ओळंबा आणि पाण्याची नळी हाताळता आली पाहिजे, एवढेच. वीटकामाला लागते तसे वर्षानुवर्षांचे कसब रचण्याला लागत नाही. दुसरे, नीट केली तर भिंत पायापासून छपरापर्यंत एकजीव होते. तिसरे, वजन कमी. २० सेंटीमीटरची भरलेली भिंत चौरस मीटरला साधारण साडेचारशे किलो भरते. जुनी अडीच फुटी दगडी भिंत दीड टनाच्या पुढे जाते.

पण "नीट केली तर" हे शब्द विसरू नयेत. कोरडे रचलेले ब्लॉक भरल्याशिवाय काहीच नाहीत. लहान मुलांच्या खेळातले ठोकळे. घर उभे राहते ते पोटातल्या काँक्रीटवर आणि सळईवर. आणि तेच नेमके डोळ्यांना दिसत नाही.

आधी हिशेब

हा प्रकार सर्वांना परवडेल असे नाही. म्हणून आधी कागद-पेन्सिल घ्यावी. उदाहरणादाखल दोन खोल्यांचे घर धरू. बाहेरून ७.२ मीटर लांब, ४.४ मीटर रुंद, मधे एक भिंत, उंची तीन मीटर. ही मापे मुद्दाम ब्लॉकच्या मापात बसवली आहेत. लांबी १८ ब्लॉकची, रुंदी ११ ब्लॉकची, उंची १५ थरांची. माप असे बसवले नाही, तर कोपऱ्याकोपऱ्यावर ब्लॉक तोडावे लागतात. आतली वापराची जागा सुमारे २६ चौरस मीटर मिळते.

दारे-खिडक्या वजा करून भिंत साधारण ७० चौरस मीटर राहते. चौरस मीटरला साडेबारा ब्लॉक, म्हणजे ८७५. फूटतूट धरून ९२० मागवावेत. पोकळी भरायला ब्लॉकच्या आकाराप्रमाणे चौरस मीटरला सुमारे १२० लिटर काँक्रीट लागते. ७० चौरस मीटरला ८.४ घनमीटर. एकास दीड, तीन या प्रमाणाने घनमीटरला आठ पोती सिमेंट धरले, तर ६७ पोती. वाळू सव्वा ब्रास, बारीक खडी अडीच ब्रास. हे फक्त भिंतीच्या भराईचे झाले. पाया, जोते, छत, प्लॅस्टर आणि सळई वेगळी.

६७ पोत्यांचा आकडा ऐकून पुष्कळांचा जीव दडपेल. दडपणे बरोबरच आहे. ज्यांचा हात तेवढा पोहोचत नाही त्यांनी भराईचा ब्लॉक घेऊन अर्धाच भरण्याचा विचार मुळीच करू नये. त्यांनी साधा पोकळ ब्लॉक मसाल्यात रचावा. कोपरे, भिंतींचे जोड आणि दारे-खिडक्यांच्या कडा एवढ्याच पोकळ्यांत सळई टाकून काँक्रीट भरावे आणि जोते, लिंटल व छत या तिन्ही ठिकाणी सलग पट्टा फिरवावा. एकमजली घराला हा मार्ग स्वस्त आहे आणि तोही शास्त्राला धरून आहे. कोरडे रचून अर्धवट भरलेली भिंत मात्र ना इकडची ना तिकडची.

मी शेतीचा माणूस, अभियंता नव्हे. पाया किती खोल, सळई किती जाडीची आणि किती अंतरावर, हे अभियंत्याकडून कागदावर काढून घ्यावे. घराच्या खर्चात ही रक्कम चिल्लर आहे. सोयाबीनच्या बियाण्याला आपण पोते उघडण्याआधी चार जणांना विचारतो. घर तर जन्मात एकदा बांधतो.

काळी जमीन: आपली आणि घराची

काळी माती आपले पोट भरते, पण घराला ती चांगली नाही. पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. एप्रिलमध्ये रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्या आपण रोज पाहतो. तीच हालचाल पायाखाली होते, आणि ती सगळीकडे सारखी होत नाही. मोरीच्या बाजूला माती ओली, दुसऱ्या बाजूला कोरडी. घराचा एक कोपरा उचलला जातो, दुसरा बसतो, भिंतीला तिरपी चीर जाते. भरलेली भिंत कडक असते. पाया हलला तर ती सळईच्या जोरावर थोडेफार सोसेल, पण पायाची चूक भिंत दुरुस्त करू शकत नाही.

काळा थर उथळ असेल तर तो पूर्ण काढून पाया घट्ट मुरमावर न्यावा. थर फार खोल असेल तर खाली फुगीर टोक असलेल्या काँक्रीटच्या खुंट्यांचा पाया करतात. तिथे अभियंत्याशिवाय पुढे जाऊच नये. जोत्याच्या आतली भराई मुरमाची, सहा-सहा इंचाचे थर पाणी मारून, चोपून करावी. खोदलेली काळी माती पुन्हा आत ढकलू नये. घराभोवती तीन-चार फुटांची फरशी उतार देऊन करावी. मोरीचे पाणी लांब न्यावे. परसातली केळ आणि शेवगा भिंतीला टेकून लावू नये.

जोत्याची तुळई ओतताना उभ्या सळयांची खालची टोके तिच्यात आधीच उभी करावी लागतात. ती बरोबर ब्लॉकच्या पोकळीच्या मधोमध आली पाहिजेत. त्यासाठी सोपी युक्ती अशी. तुळई ओतण्याआधीच पहिल्या थराचे ब्लॉक जमिनीवर घराच्या आकारात मांडून पाहावे, पोकळ्यांची जागा दोरीवर खुणेने बांधावी आणि त्या खुणेवर सळई उभी करावी. ही खूण चुकली तर गडी नंतर सळई वाकवतात किंवा सरळ कापून टाकतात. कापलेली सळई म्हणजे मुळाशी तुटलेले झाड.

रचताना

पहिला थर तेवढा मसाल्यात, पाण्याच्या नळीने समपातळी घेऊन बसवावा. पहिल्या थरात एका बोटाचा फरक राहिला तर पंधराव्या थरात तो वितीचा होतो. ब्लॉक पाडून निदान २८ दिवस झालेले घ्यावेत. चिरलेले, कोपरा तुटलेले बाजूला काढावेत. दोन ब्लॉक एकमेकांवर हलकेच वाजवले तर पक्क्या ब्लॉकचा आवाज मडक्यासारखा येतो. कच्चा ब्लॉक मुका असतो.

पोकळी पोकळीवर आली पाहिजे. दर तीन थरांनी ओळंबा लावावा. आडवी सळई खाचेत बसवून उभीला तारेने बांधावी. जोड द्यायचा तर दोन सळया जाडीच्या पन्नासपट लांबीने एकमेकींजवळून न्याव्यात. १० मिलिमीटरची सळई असेल तर अर्धा मीटर, १२ ची असेल तर ६० सेंटीमीटर. सगळे जोड एकाच जागी आणू नयेत. कोपऱ्यावर आडवी सळई कापून सोडू नये, काटकोनात वळवून दुसऱ्या भिंतीत न्यावी. भूकंपात सर्वांत आधी कोपरा उघडतो.

दारे-खिडक्या कोपऱ्यापासून निदान दोन फूट सोडून घ्याव्यात. विजेच्या नळ्या आणि पाण्याचे पाइप भरण्याआधीच आत टाकावेत. भरलेली भिंत नंतर फोडणे म्हणजे खडक फोडणे. आणि आपल्याच हाताने केलेली ताकद आपल्याच हाताने तोडणे.

आणखी एक गोष्ट अण्णांच्या चुकीतून शिकलो. सर्वांत खालच्या थरात, जिथे जिथे उभी सळई आहे तिथे, ब्लॉकच्या आतल्या बाजूला मुठीएवढी खिडकी ठेवावी. रचताना आत पडलेला कचरा, मातीची ढेकळे तिच्यातून काढता येतात. भरताना काँक्रीट तळाला पोहोचले की ते खिडकीत दिसते. दिसले की फळीचा तुकडा लावून ती बंद करावी.

भरताना

खरे काम हेच. घरमालकाने त्या दिवशी बाजार, लग्न, कोर्टाची तारीख काहीही ठेवू नये. तिथे उभे राहावे.

अण्णांच्या भिंतीत पोकळी का राहिली, याचा नंतर पंचायत समितीच्या अभियंत्यांनी उलगडा केला. तीन कारणे निघाली. एक, खडी २० मिलिमीटरची वापरली होती. कोपऱ्यात सळयांची गर्दी, त्यात मोठी खडी अडकली आणि खालचा रस्ता बंद झाला. भराईला १० ते १२ मिलिमीटरची बारीक खडीच घ्यावी. दोन, पाच फुटांवरून घमेली एकदम ओतली. तीन, कोपऱ्यात सळईने कोचलेच नाही. मधल्या भागात कोचले, कोपऱ्यात हात पोहोचला नाही म्हणून सोडून दिले.

भरण्याआधी ब्लॉक आतून पाण्याने ओले करून घ्यावेत, नाहीतर कोरडा ब्लॉक काँक्रीटमधले पाणी ओढून घेतो. एका वेळी तीन थर, म्हणजे दोन फूट भरावे. पूर्ण घराला फेरी मारावी, मग पुढचे तीन थर. प्रत्येक हाताच्या अंतरावर लांब सळईने खालपर्यंत कोचावे. दिवसाला सहा थरांच्या वर जाऊ नये. थांबताना वरच्या ब्लॉकच्या निम्म्यावर थांबावे. म्हणजे काँक्रीटचा सांधा आणि ब्लॉकचा सांधा एका रेषेत येत नाही.

घाई का करू नये, याचेही कारण आहे. ओले काँक्रीट पाण्यासारखे चहूकडे दाबते, पण पाण्याच्या जवळपास अडीचपट जोराने. एक मीटर उंच ओल्या काँक्रीटचा तळाशी दाब चौरस मीटरला सुमारे २,४०० किलो असतो. तीन मीटर एकदम भरले तर ७,२०० किलो. दुसऱ्या एका गावात मिक्सर भाड्याने आणला आहे म्हणून एका दिवसात छतापर्यंत भरायला घेतले. संध्याकाळी खालचा ब्लॉक फुटला आणि अर्धी भिंत अंगणात वाहून आली. गडी बाजूला होता म्हणून वाचला. कोपऱ्यांना आणि दारांच्या कडांना दोन्ही बाजूंनी फळ्यांचा आधार द्यावाच.

पाणी: जास्त झाले तरी वाईट, कमी पडले तरी वाईट

काँक्रीट सहज खाली जावे म्हणून गडी त्यात पाणी वाढवतात. इथेच घर कच्चे होते. एका पोत्याला, एकास दीड, तीन या प्रमाणात, जास्तीत जास्त ३० लिटर पाणी. म्हणजे पंधरा लिटरच्या दोन बादल्या. वाळू ओली असेल तर त्याहून कमी. तिसरी बादली उचलली की थांबवावे. काँक्रीट सरकत नसेल तर खडी बारीक करा, जास्त कोचा, किंवा अभियंत्याला विचारून ते मऊ करणारे औषध घाला. पाणी हा त्यावरचा उपाय नाही. वाळू-खडीसाठी ३५ लिटरचे लाकडी माप करून घ्यावे, कारण एका पोत्याचे सिमेंट मापाने तेवढे भरते. घमेल्याचा अंदाज प्रत्येक गड्याचा वेगळा असतो.

पाणी कसले वापरता, तेही पाहावे. आपल्याकडे कित्येक बोअरचे पाणी खारट आहे. सळईच्या काँक्रीटला लिटरमध्ये ५०० मिलिग्रॅमहून जास्त क्लोराइड चालत नाही. सळई आतून गंजते आणि गंज फुगून भिंत फोडतो. ठिबकसाठी पाण्याची बाटली प्रयोगशाळेत देतो तशी घरासाठीही द्यावी. वाळूचीही परीक्षा घरच्या घरी होते. काचेच्या बाटलीत निम्मी वाळू, वर पाणी, चांगले हलवून दोन-तीन तास ठेवावे. वर बसलेला गाळाचा थर वाळूच्या बाराव्या हिश्श्याहून जाड असेल तर ती वाळू धुवून घ्यावी किंवा परत पाठवावी.

भरून झाले की उलट प्रश्न येतो. तेव्हा पाणी कमी पडते. भिंतीवर गोणपाट टाकून ते सतत ओले ठेवावे. हल्ली बाजारात बहुतेक मिश्र सिमेंट मिळते. त्याला किमान १० दिवस आणि कोरड्या, उन्हाच्या दिवसांत १४ दिवस पाणी लागते. सकाळी एकदा पाइप फिरवला म्हणजे झाले, असे नाही.

म्हणूनच कामाची वेळ शेतीच्या वेळापत्रकात बसवावी. एप्रिल-मे मध्ये हात मोकळा असतो, पण विहीर कोरडी असते. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे आपण विसरलेलो नाही. टँकरच्या पाण्यावर घर बांधणारा माणूस पाणी मारायला कचरतो आणि भिंत तहानलेली राहते. सोयाबीन निघाले, हरभरा पेरला की तूर काढणीपर्यंत मधे काही आठवडे मिळतात. ऊन सौम्य, विहिरीला पाणी. भिंतीचे काम त्या दिवसांत करावे. पाया आणि जोते त्याआधीच झालेले असावे.

उन्हाळ्याचे काय?

एक तक्रार खरी आहे. माळवद मे महिन्यातही थंड असते आणि काँक्रीटची भिंत तापते. पोकळ ब्लॉकमध्ये हवा असते, ती थोडी तरी ऊन अडवते. भरलेल्या ब्लॉकमध्ये तीही राहत नाही. म्हणून पश्चिमेला पडवी काढावी, खिडक्या समोरासमोर घ्याव्यात, छताला व पश्चिमेच्या भिंतीला पांढरा चुना द्यावा. गारव्यासाठी छतावर पुन्हा मातीचा थर टाकण्याचा मोह मात्र कोणी करू नये. तो थर आपण एकदा पाहिला आहे.

गावच्या कारभाऱ्यांसाठी दोन शब्द

२०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजनेत सपाट भागातील घरकुलाला एक लाख वीस हजार रुपये आणि किमान २५ चौरस मीटर जागा असा नियम ठरला. हप्ते कामाच्या टप्प्यावर मिळतात आणि प्रत्येक टप्प्याचा फोटो चढवला जातो. फोटो बाहेरून काढलेला असतो. जोते दिसते, भिंत दिसते, छत दिसते. भिंतीच्या पोटातला फोटो त्यात नसतो.

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी आणि घरकुलाचे अभियंते यांना विनंती आहे. घर बांधून झाल्यावर पाहायला जाण्याऐवजी सळई बांधून झाल्यावर आणि काँक्रीट ओतण्याआधी एक चक्कर मारावी. दहा मिनिटांचे काम आहे. कोपऱ्यातली सळई वळवलेली आहे का, जोड पुरेसा आहे का, खडी कोणती आणली आहे, एवढेच पाहावे. गावात असे पहिलेच घर होत असेल तर त्या दिवशी इतर लाभार्थ्यांनाही बोलवावे. आपण पीक प्रात्यक्षिक शेतावर घेतो, तसे घराचे प्रात्यक्षिक पायावर घ्यावे.

आणि शेतकरी बंधूंनो, नवे वाण आपण आधी दोन गुंठ्यांत पेरून पाहतो. ब्लॉकचेही तसेच करावे. आधी पाण्याचा हौद किंवा गोठ्याची कमरेएवढी भिंत भरून पाहावी. हात बसला, चुका कळल्या, की मग घराला हात घालावा.

अण्णांनी काय केले?

त्या दिवशी मिस्त्री रागावून निघाले होते. अण्णांनी त्यांना पाटावर बसवले, चहा दिला आणि सांगितले, "तुमची चूक काढत नाही. पण ही भिंत फोडल्याबिगर फुडं जाणार नाही." दोन दिवस काम थांबले. अभियंते आले. हातोडीने सगळी भिंत ऐकली. कोपऱ्यात आणखी दोन ठिकाणी ढबढब निघाली. ते ब्लॉक फोडले, सैल काँक्रीट काढले, सळई घासून घेतली, पाणी मारून बारीक खडीचे काँक्रीट हाताने दाबून भरले, बाहेरून फळी लावली. खर्च वाढला तो काही पोती सिमेंट आणि चार दिवसांची मजुरी.

पुढचे थर भरताना अण्णांची थोरली मुलगी मोबाइल घेऊन शिडीवर उभी असे. ओतण्याआधी प्रत्येक कोपऱ्याचा फोटो, शेजारी टेप धरून. ते सगळे फोटो तिने छापून सातबाराच्या फायलीत लावले आहेत. "उद्या वरचा मजला चढवायचा म्हणलं, तर पोरांना कळंल आत काय हाय ते," अण्णा म्हणाले.

मकर संक्रांतीला पुन्हा त्या गावी जाणे झाले. छत पडले होते, प्लॅस्टर व्हायचे होते. मिस्त्री भिंतीच्या टोकापासून टोकापर्यंत हातोडी वाजवत चालले होते. त्यांना आता कोणी सांगावे लागत नव्हते.

प्लॅस्टर चढण्याआधी तुम्हीही आपल्या भिंतीभोवती अशी एक फेरी मारा.

(लेखक पंचायत समितीत कृषी विस्तार अधिकारी आहेत.)